माझी कशी आहे?

फोन उचलला की शेवंताक्का आधी माझं विचारत नाही.
"माझी कशी आहे?" म्हणते.
तिकडे मयेला मागे मिक्सर चाललेला,
इकडे मी फेरीबोटीच्या कठड्याला टेकून
ओटीपोटाच्या उजव्या बाजूला हात ठेवून सांगतो,
बरी आहे. क्रिएटिनिन एक पूर्णांक एक.
"त्रास देत नाही ना कुणी तिला?"
नाही गं.

दिल्या घरच्या मुलीची चौकशी करावी, तशी.
दिली तेव्हा भावोजी तीन दिवस बोलले नव्हते.
चौथ्या दिवशी स्वतःच सहीला आले,
पेन घेऊन, शाई सुकलेलं.

बांबोळीहून घरी सोडलं त्या संध्याकाळी
मी चार वर्षांनी पोटभर पाणी प्यालो,
तांब्या वर धरून, नरड्यात आवाज करत.
डायलिसिसच्या दिवसांत पेला मोजून,
त्यातला अर्धा गोळ्यांना.
वाटलं, संपलं मोजणं.

मग पुन्हा तहान.
रात्री तीन-तीनदा उठणं,
तेही सुरुवातीला सुखाचंच वाटलं.
नव्या सुनेचा उत्साह, म्हटलं.
सातव्या महिन्यात डॉक्टर कुंकळ्येकरबाईंनी
कागद माझ्याकडे फिरवला
आणि एका आकड्याभोवती गोल काढला.
दोनशे अठ्ठ्याऐंशी.

घरात कुणाला आहे? कुणालाच नाही.
"गोळ्यांनी होतं काहींना."
माझ्या अंगातले पहारेकरी ज्यांनी झोपवून ठेवलेत,
आक्काच्या मांसाला 'तू कुणाची' विचारू नये म्हणून,
त्याच गोळ्या, सकाळी नऊ, रात्री नऊ.
बंद नाही का होणार?
उत्तर ठाऊक असून विचारलं,
जशी माणसं शेवटची फेरी सुटताना
धक्क्यावरून ओरडतात, अजून एक आहे का रे?

आणि त्या हळू आवाजात म्हणाल्या,
साखर किडनीला खाते.
सांभाळायला हवी.

सकाळी माझी साखर शहाण्यासारखी असते.
दुपारी चढते.
मांडवीचं पाणी बघून मी वीस वर्षं सांगत आलो
आज रॅम्पला चढ लागणार की उतार.
आता इंजिनाच्या आडोशाला बोटाच्या टोकातून
थेंबभर भरती काढतो, पट्टीवर घेतो.
मिंगेल पाठ करून उभा राहतो.
रोज मासे चिरतो, पण माझं रक्त बघवत नाही त्याला.

पोदेर आला की उंडे नको, पोयी दे, तीही एकच.
आक्काला सांगितलं नाही. तीन आठवडे.
दुसऱ्याची वस्तू वापरायला आणावी
आणि तिला चीर गेलेली दिसावी,
तसा मी फोनवर हसतो.

परवा चोडणच्या धक्क्यावर
गाड्यांच्या आधी ती चढली,
पिशवीत तिच्या भाटातले मानकुराद.
माझा शर्ट वर, पोटाला पेन लावलेलं.
इन्सुलिन ओळखायला तिला शिकावं लागत नाही,
सासू तिची त्यातच गेली.

काही बोलली नाही. नदी अर्धी झाली तरी नाही.
मग म्हणाली, "तीन आठवडे माझ्याशी खोटं?
आणि तिच्यादेखत?"
मी म्हटलं, मोडेल म्हणून भीती वाटली.
"मोडायला ती काय कपबशी आहे?
माझ्याकडे असताना तीन चमचे साखरेचा चहा
दिवसातून पाचदा झेपवला तिने."
खरं नाही ते. तिलाही ठाऊक होतं.
डोळे पुसले नाहीत, वारा होता, सुकले.

मग खलाशांची सुरी मागून घेतली,
धुतली, पुन्हा धुतली,
आंब्याची एक फोड कापली, अंगठ्याएवढी.
बाकीचा मिंगेलच्या हातात.
"ही घे. तुला नाही, तिला."

रायबंदर आलं. मी दोर टाकायला पुढे गेलो,
तोंडात कोय नसलेला तो गोडवा, न चावता.
दोन तासांनी टोचून बघायचं आहे.
पाणी अजून चढतंय.