रबराचा वळ

मच्छे ते पिरनवाडी, पिरनवाडी ते मच्छे,
तीन खेपा फिरवून आणली पोरानं.
पहिला, दुसरा, तिसरा, चौथा,
ताकातली रवी फिरावी तसा दांडा फिरला.
उतरून बॉनेटवर थाप मारली त्यानं, म्हणाला,
मामा, गिअरबॉक्स एकदम झकास हाय बघा.
मी टोपी काढून डोकं खाजवलं.

रिकामी गाडी सपाटीला कुणाचंही ऐकते.

सव्वादोन वर्षं हिच्यात भाजी भरली मी.
रात्री दीडला यार्डातनं कोबी, ढबू मिरची,
वर कोथिंबिरीच्या ओल्या पेंड्या,
जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला.
उतार लागला की दुसरा टाक,
गाडी इंजनाला धरू दे, ब्रेकला नको,
असं शिकवणारा लुमाण्णा
आता कमरेला पट्टा बांधून घरीच असतो.
त्याचं शिकवणं खरं. पण हिचा दुसरा
तिसऱ्या वळणावर हातातनं सुटायचा,
खट्,
आणि दांडा मधोमध लुळा,
इंजनाचा आवाज एकदम बसलेला,
दीड टन कोबी पाठीवर चढलेला.
त्या गप्प होण्याची भीती मी कुणाला सांगितली नाही.
साखळीची भाजीवाली मात्र
पेंडी नाकाशी धरून विचारायची,
हिला जळका वास कसा रे रोज?

दस्तगीरनं ऑटोनगरात बॉक्स दोनदा उतरवला.
तेल परातीत ओतलं, बोट बुडवून उन्हात धरलं.
पितळेची भुकटी.
बोटाच्या रेषांत सोनं बसल्यासारखी.
रिंग खाल्ल्या, फोर्क वाकलाय,
आधीच्या मालकानं अर्ध्या क्लचवर ओढलीय गाडी.
मग "नोडप्पा" म्हणून तो कानडीत शिरला.
दस्तगीर कानडीत शिरला की समजायचं,
खर्च पाच आकडी.
नवी रिंग घातली. चार महिने गेली.
पुन्हा घातली. सात आठवडे.
तिसऱ्यांदा त्यानं बॉक्स उघडलाच नाही,
सायकलची जुनी ट्यूब कापून दिली.
दांडा सीटच्या पायाला बांध, म्हणाला.
याचे पैसे नकोत.

मग कणकुंबीच्या पुढं, उताराआधी,
बाजूला घेऊन दुसरा टाकायचा,
दोन वेढे, एक गाठ.
खाली सपाटी आली की सोडायची.
झोपेतसुद्धा माझी डावी मूठ
कायतरी मागं ओढून धरायची.
बायको एकेक बोट उकलायची,
घाट संपला, म्हणायची, झोपा आता.

काल संध्याकाळी ट्यूब सोडली,
शेणखताच्या खड्ड्याकडं भिरकावली.
दांडा रॉकेलनं पुसला.
काचेच्या आत गुलाब असलेला नवा नॉब बसवला.
पण नॉबखाली चार बोटं
काळ्या रंगावर फिकट वळ राहिलाच.

पोराचं बोट नेमकं तिथं गेलं.
भरमाण्णाचा थोरला.
नव्या लायसनची अजून पिशवीसुद्धा काढली नव्हती.
मामा, हे काय घासलंय?

नोटांची पिशवी त्याच्या काखेत होती.
पलीकडच्या भातगिरणीचा पट्टा फडफडत होता.
कुठल्या वाटेनं नेणार भाजी, मी विचारलं.
चोर्ल्यानंच की, जवळ पडतंय.

मी ट्यूब आणायला गेलो.
कुत्र्यानं ओढून नेली होती,
शोधायला जरा वेळ लागला.
चिखल झटकून त्याच्या हातात दिली.

म्हटलं, पिशवी तोवर बाच्याकडं ठेव.
यार्डातनं कोबी भर, भाडं माझं.
आज रात्री चोर्ला उतरू.
गाडी तू चालव, मी शेजारी बसतो.
दांड्याकडं बघू नको.
आवाज ऐक.