चार बोटं

आसराजी घुंगासे जाळं विणायचा तेव्हा
एकेक घर बोटांनी मोजायचा.
"चार बोटं. निसटलं ते नाथसागराचं,
अडकलं ते आपलं."

मी त्याची सून, सत्यभामा.
पैठणच्या बाजारात पाटी लावून बसते.
मरळ आता नावालाच. वांब आहे का,
एवढं विचारून गिऱ्हाईक पुढं जातं.
उरली चिलापी, तीही तळहातात मावेल एवढी.
परवा एक रोहू चिरला, पोटात गाभोळी गच्च.
गिऱ्हाईक खूश झालं.
मी दोन तांबे जास्त ओतून पाट धुतला.

सोसायटीत ठराव आला:
आषाढ-श्रावण नाव काठावर,
बारीक जाळं कायमचं बंद.
ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "मग खायचं काय, ठराव?"
सगळे हसले. मीही हसले,
कारण आमच्याच माळ्यावर पोत्यात होतं एक,
मच्छरदाणीसारखं,
पोरानं उधारीवर आणलेलं.

रात्री ते खाली काढलं.
करंगळीसुद्धा आत जाईना.
खुंटीवर सासऱ्याचं जुनं,
त्याच्या घरातून माझा हात मनगटापर्यंत पार.

पाण्याखाली आमचं गाव आहे, भिंतींसकट.
आसराजी म्हणायचा, मासे तिथंच अंडी घालतात,
आपल्याच उंबऱ्यावर.

सकाळी किसनानं विचारलं, जाळं कुठंय?
म्हटलं, दोडक्याच्या वेलाला बांधलंय.
तो काही बोलला नाही.
भाकरी मोडली, परसात जाऊन
वेलाकडं बघत खाल्ली.
उधारी अजून फिटायची आहे.