तिरकी रेघ

गोडांबे मॅडम म्हणतात, एकक नसलेलं उत्तर
म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

रात्री क्वार्टर गेटच्या टपरीवर
मी वही उघडते.
साठ मिलीचं कटिंग, पातेल्यात अडीच लिटर –
किती होतील, अप्पा?
"एक्केचाळीस," गाळणी न थांबवता म्हणाले,
"आणि तळाशी माझा घोट."

मी मांडून दाखवलं:
वर लिटर, खाली लिटर,
तिरकी रेघ मारली की दोन्ही जातात.

"असं खोडता येतं?"

मग त्यांनी उधारीची वही ओढली.
गॅरेजवाले इद्रिसभाई, जूनमध्ये वारले.
एकशे चाळीस रुपये.

पेन मागितलं माझं.
आकड्यावर रेघ. तिरकीच.
'रुपये' तेवढं राहिलं.

मी चूक दाखवली नाही.