दातावरची माणसं

मनामाच्या सूकमध्ये, अत्तरवाल्याच्या पुढे
घड्याळजींच्या बोळात दश्तीचं दुकान.
दोन माणसं आत गेली
की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं.
दर शुक्रवारी ती तिसरी मी.

आठवडाभर मी दात करते,
अदलियातल्या लॅबमध्ये, कुणा अनोळखी जबड्याच्या मापानं:
पोर्सिलेनचा थर, त्यावर थर,
मुळाशी किंचित पिवळं, टोकाला काचेसारखं निळसर,
चहाबाजाला एक छटा गडद.
चार केसांचा ब्रश. श्वास धरून.

म्हणून पहिल्याच दिवशी ओळखलं
दश्तीनं पुढं सरकवलेलं ते अंगठ्याच्या पेराएवढं तोंड
– लाल कोटातला कुणी साहेब, गालावर देवीचे व्रण –
कशावर बसलंय ते.
उजेडात तिरकं धरलं. सायीवर उमटाव्यात तशा रेघा.
"हा दात आहे," मी म्हटलं.
तो हसला. त्याचे पुढचे दोन नव्हते.
"उम्म अस्नान," म्हणाला, दातांची आई,
आणि अठरा दिनारांचे चौदा केले.

हत्तीचे खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे,
एवढं शाळेत शिकवलेलं.
कापून, घासून, पापुद्र्याइतके पातळ करून
ज्यांच्यावर माणूस ठेवतात
ते तिसरे कुणी सांगितले नव्हते.

नऊ वर्षांत एकोणीस जमले.
टोपीच्या झालरीखाली थकलेली एक बाई.
नुसता एक डोळा, सोन्याच्या पिनेत;
बाकीचा चेहरा ज्याचा त्याला माहीत.
तपकिरीची मिन्याची डबी, झाकणावर कुत्रा,
आत अजून एक शिंक शिल्लक.
एक लॉकेट, मागच्या काचेखाली वेणी घातलेले पिंगट केस.
ते मी उपडं ठेवायचे, मग वाईट वाटून पुन्हा उलटायचे.
आणि एकाला तोंडच नाही.
जलरंग; कुणीतरी प्रेमानं ओलं फडकं फिरवलं असणार.
कॉलर राहिली, कॉलरीवर नुसतं आभाळ.
दश्ती तो फुकट देत होता.
मी त्याचेच सगळ्यात जास्त दिले.

ऑगस्टमध्ये इथे समुद्र भिंतीतून आत येतो.
हस्तिदंत पापडासारखा वळतो.
औषधाच्या बाटल्यांतल्या कोरड्या पुड्या
एकेकाच्या उशाशी, आणि एसी रात्रंदिवस.
"यांच्यासाठी लावतेस," मार्लिन कूस बदलून म्हणायची,
"माझ्यासाठी कधी लावला नाहीस."
खरं होतं.

त्या थकलेल्या बाईच्या चौकटीला बारीक मोती, एक निखळलेला.
माझ्या आईच्या नथीत असेच होते, मी सांगितलं, बसऱ्याचे.
दश्ती दुखावला.
"बसऱ्यात खजूर. मोती आमचे.
नाक चिमट्यात धरून काढलेले."
तो निखळलेला त्यानं स्वतः बसवला. पैसे घेतले नाहीत.
तीन शुक्रवार बोललाही नाही.

मार्चमध्ये लॅबनं मशीन आणलं.
ते रात्रभर दात कोरतं, श्वास न धरता.
मला दोन महिन्यांचा पगार आणि केक.
दश्तीनं चष्मा लावून नियम वाचला:
हस्तिदंत सीमेपार नाही,
जुना असला तर कागद दाखवा.
यांचे कागद कुठून आणायचे?
ज्यांची नावंसुद्धा कुणी मागे लिहिली नाहीत.
एकोणीस जण परत त्याच्या मखमलीवर.
नोटा त्यानं दोनदा मोजल्या. मी बिनतोंड्याकडे बघत होते.

शेवटच्या रात्री जुनी भट्टी माझी होती.
उरल्यासुरल्या पोर्सिलेनची चकती, चवलीएवढी,
तिच्यावर दश्ती: गोल टोपी, भुवयांचं जंगल, हसू.
पुढच्या दोन दातांची जागा रिकामी सोडली.
हात किती शिवशिवले ते माझं मला माहीत.
नऊशे अंशांवर पक्का केला.
आता फिरवा ओलं फडकं.

विमानतळावर कोवळ्या मिशीचा अधिकारी
चकती उजेडात तिरकी धरतो,
अगदी मी धरायचे तशी.
"हे काय?"
"दात."
तो माझ्याकडे बघतो, मग परत तिच्याकडे.
"कुणाचा?"