एकोणसत्तर

शेवटच्या पानावर एक चौकट आहे, सक्तीची नाही.
"अर्जात खुलासा करावा असं काही असल्यास
अडीचशे शब्दांत लिहा."

आहे ना.
मागच्या वर्षी घेतलेल्यांची सरासरी त्यांनीच छापलीय, चौऱ्याऐंशी.
माझे एकोणसत्तर.

रात्रीचे साडेअकरा. वडगावात माग अजून चालू,
आमचे चार, बिर्ज्यांचे सहा.
टेबलावरचा पेन त्यांच्या हादऱ्यानं सरकत कडेला येतो,
मी परत आत ढकलते.

वरचे रकाने सोपे गेले.
राज्य: कर्नाटक. मातृभाषा: मराठी.
ज्यावरून इथं बसच्या काचा फुटतात
ते भांडण संगणकानं
दोन हिरव्या खुणा करून मिटवलं.
अनुभव: सहा वर्षं.
हुद्दा?
सूत उधार आणणं, साडी रोखीनं खपवायला बघणं
आणि मधले पंचेचाळीस दिवस
नुसत्या तोंडावर काढणं.
यादीत हे नव्हतं. मी "इतर" निवडलं.

आता खुलासा.
लिहू का, केंद्र हुबळीला होतं,
पहाटे चारची बस कित्तूरजवळ पंक्चर झाली?
झाली. पण मी वेळेत पोचले होते.
लिहू का, इंग्रजी उतारा देवमाशांवर होता,
ते म्हणे हजारो मैल गात जातात,
आणि मला तो इतका आवडला की दोनदा वाचला,
अकरा मिनिटं तिथंच गेली?
लिहू का, गणितं मला येतात,
फक्त मी ती मराठीत करते,
आणि त्र्याहत्तर म्हणताना घाईत हात
तीन आधी लिहितो?
सबब वाटेल.
थोडी आहेच.

निकाल आला तेव्हा नीलव्वा कांड्या भरत होती.
"एष्टु बंतु गे?"
एकोणसत्तर, मी म्हटलं,
आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तो शब्द ऐकू आला.
सत्तर, पण एक नाही.
आमची भाषा पुढच्या पायरीवर उभी राहून
मागं काय राहिलं ते सांगते.
नीलव्वानं बोटांच्या पेरांवर हिशेब धरला,
"अरवत्तोंबत्तु," म्हणाली.
"साठ झालं, वर नऊ! भारी की गे!"
आणि भरलेली कांडी टोपलीत टाकली.

कन्नड काही जास्त मायाळू आहे असं नाही.
त्याच भाषेत पेठेतला शेट्टर
दोन महिने मला "नाळे बा" म्हणतोय, उद्या ये,
आणि माझी बत्तीस लुगडी
त्याच्या काचेमागं उजेड खातायत.

बाबा पाणी प्यायला आले.
"काय करालीस अजून?"
फॉर्म.
"कसला?"
धंदा शिकायचा.
त्यांनी मागांकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"मग आम्ही हितं काय करालाव?"
याचं उत्तर अडीचशे शब्दांत बसत नव्हतं.
"फी किती?"
अर्जाची दोन हजार.
"नाही घेतलं तर परत मिळतेत काय?"
नाही.
सुताचा गठ्ठा हातात घेऊन
ओल किती, बघतात ना,
तसं थोडा वेळ त्यांनी मला धरून ठेवलं नजरेत.
"मग नीट लिही," म्हणाले,
तांब्या पालथा घालून गेले.

मी लिहिलं:
माझे गुण तुमच्या सरासरीहून कमी आहेत.
हे मला कुणी समजावून सांगायला लागलं नाही.
आणि थांबले. दोनशेच्या वर शब्द शिल्लक राहिले.
शिल्लक ठेवायची सवय नाही आमच्यात,
तरी राहू दिले.

एवढ्यात वीज गेली.
दहाच्या दहा माग एकदम गप्प,
गल्लीच्या टोकाचं कुत्रं उगाच भुंकलं.
पेन अगदी कडेला येऊन थांबलेला,
आता तो पडणार नव्हता.
अंधारात फक्त "पाठवा" हे बटण,
आणि कोपऱ्यात बॅटरी,
एकोणीस टक्के.

पुरे.