हरकत

मसुद्यावर हरकती मागवल्यात, तीस दिवसांत.
म्हणून लिहितोय, नंदगडहून,
सातेरी लुमाण्णा बेळगुंदकर, वाचनालयाचा शिपाई.

कलम कितवं ते ध्यानात नाही. एवढं कळलं:
कुणीही बोट दाखवलं की आधी पान पुसायचं,
विचारायचं मागनं.

आमच्याकडं एक पुस्तक आहे, भाताच्या रोगांवरचं.
शेवटची बत्तीस पानं वाळवीनं खाल्ली,
उरलेल्यांचे फोटो काढून मी मोबाईलवरनं चढवले.
हलशीच्या एका पोरीनं कळवलं,
तिच्या घरी नेमकी तीच पानं आहेत,
पिठाच्या डब्याखाली अंथरलेली.
आता पुस्तक पुरं झालंय. फक्त तिथंच, हवेत.

परवानगी घ्या म्हणता. घेतो की.
शहापुरात गेलो, छापखान्याच्या जागी साड्या विकतात.
गल्ल्यावरनं मालक म्हणाला, कुठला काठ दाखवू?
लेखकाचं नाव पहिल्या पानावर असणार,
ते पान कुणाकडंच नाही.

चोरी मलाही कळते, साहेब.
वाचनालयाचा पंखा नेला कुणीतरी,
त्या दिवसापासून उकडतंय.
हे पुस्तक शंभर जणांनी नेलं,
कपाटात आहे तिथंच आहे.

खाली सही मराठीत.
कानडीत पण येते, हवी तर.