छाट

माझं काम काय, असं पावण्यांनी विचारलं
की बायको मध्येच चहा आणते.
वीस वर्षं वळू तपासतोय, चिकोडीपासून निपाणीपर्यंत.
मोटारसायकलच्या पेटीत सूक्ष्मदर्शक, काचा,
थर्मासात कोमट पाणी.

अक्कोळ रस्त्याला नेमगोंडांचा मळा.
वैशाख. बारा गाई उलटलेल्या.
"गाईंतच खोट," ते म्हणाले,
"आमचा होरी? बघा तरी त्याच्याकडं."

बघितलं. कोसा खिलार. असला खांदा
की माशीही विचारून बसावी.
पण पत्रा डोक्यावर हातभर, खाली शेण वाफाळतंय,
आणि मागच्या पायांतली पिशवी
जमेल तेवढी खाली उतरलेली,
अंगापासून लांब जाऊ बघणारी.

अंगाचं असून अंगाहून गार राहायचं,
दोन-चार अंशांनी. तेवढंच मागणं तिचं.
म्हणून तर तिला उंबऱ्याबाहेर टांगलंय,
ओसरीच्या वाऱ्यावर माठ टांगावा तसं.
इथं वाराच तापलेला.

पाटाच्या कडेला फवाऱ्याचा पंप पालथा.
थोरला भरमू तंबाखूवर मारून आला
की तिथंच धुतो. वळू तिथंच पितो.
मी वास घेतला, वहीत लिहिलं.
उन्हाचं पाप किती, औषधाचं किती,
ही वाटणी माझी काच करत नाही.

थेंब ठेवला.
चांगला थेंब घुसळतो,
काहिलीत काकवीला उकळी फुटावी तसा.
हा निवलेला.
एखादं वळवळतं, जागच्या जागी.
काहींची डोकीच सुटलेली,
बाकीच्यांच्या शेपट्या स्वतःभोवती गुंडाळलेल्या.

नेमगोंडांनी टोपी काढून बघितलं,
घालून बघितलं.
"झोपल्यात का?"
"इल्लरी," मी म्हटलं.
नाही हा शब्द कन्नडमधून
जरा कमी लागतो, असा माझा अनुभव.

मग ते बोलले नाहीत. वळूच्या पाठीवर
हात ठेवायला गेले, आणि मध्येच थांबले,
जणू त्याला ऐकू गेलं असेल.

सोप्यात त्यांची सून, चंपव्वा,
मांडीवर सूप, सुपात पानं, बोटांवर दोरा.
सात वर्षं झाली लग्नाला.
उपास तिनं केले, औषधं तिनं खाल्ली,
भरमूला कुणी काही विचारलं नव्हतं.
ती उठून आली. "मी बघू?"
सासऱ्यांनी मान वळवली, म्हणजे होय.

एक डोळा मिटून खूप वेळ बघत राहिली.
रोज हजार बिड्या वळणारी बाई,
मुकादमाच्या एका नजरेत
काय टाकून दिलं जातं, तिला ठाऊक.
"छाट," म्हणाली.
मग हळूच, "हजारात किती?"

मी आकडा सांगितला.
सावली करा म्हटलं, चिंचेखाली बांधा,
पाणी विहिरीचं पाजा, पंप लांब धुवा.
"नवे तयार व्हायला दोन महिने,
साठ-पासष्ट दिवस. पावसाळ्यात पुन्हा येतो."

साठ.
पेरांवर अंगठा फिरवत तिनं मोजले,
वळूकडं न बघता.
खुंटीवर भरमूचा सदरा होता,
फवाऱ्याच्या पट्ट्यांचे दोन पिवळे डाग पाठीवर.
तो काढून, दोन बोटांत धरून,
ती विहिरीकडं गेली नाही.
पाटाकडंही नाही.

मी पेटी बंद करेपर्यंत
परसात धूर दिसत होता.